ल्युक्स : मॉस्कोच्या एका हॉटेलातली माणसे

क्रेमलिनकडून वायव्येला निघणारा त्वेर्स्काया हा मॉस्कोचा जुना, प्रतिष्ठेचा रस्ता. या रस्त्यावर फिलिपोव्ह नावाच्या भटारखानेवाल्या घराण्याची बेकरी होती. तिचा पाव झारच्या दरबारी जात असे आणि सकाळी दारात रांगेला उभ्या असलेल्या गाडीवानालाही तोच पाव मिळत असे. मनुके घातलेल्या फिलिपोव्हच्या पावाबद्दल जुने मॉस्कोकर एक गोष्ट सांगत. गव्हर्नराच्या पावात एकदा झुरळ निघाले. फिलिपोव्हला बोलावणे धाडले गेले. त्याने तो तुकडा गव्हर्नरासमोरच तोंडात टाकून गिळला, "हुजूर, हा तर मनुका" असे म्हणाला, आणि धावत बेकरीत जाऊन पिठाच्या गोळ्यात मनुके ओतले. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, घराण्याचा धंदा मात्र भरभराटला. १९११ मध्ये फिलिपोव्हच्या मुलाने याच जागी चार मजली आलिशान हॉटेल उभे केले. पुढे त्याचे नाव 'ल्युक्स' झाले.

सहा वर्षांत क्रांती झाली आणि हॉटेल सरकारजमा झाले. मार्च १९१९ मध्ये मॉस्कोत कम्युनिस्ट इंटरनॅशनल, म्हणजे कॉमिन्टर्न, स्थापन झाली. जगातल्या सर्व कम्युनिस्ट पक्षांची ही मध्यवर्ती संघटना. रशियातली क्रांती ही पहिली ठिणगी आहे, लवकरच जर्मनी पेटेल, मग युरोप, मग वसाहती, असा त्या लोकांचा पक्का हिशेब होता. १९२१ च्या जून-जुलैत कॉमिन्टर्नचे तिसरे अधिवेशन भरले. ५० हून अधिक देशांतून सुमारे ६०० प्रतिनिधी आले. त्यांच्या मुक्कामासाठी ल्युक्स देण्यात आले, आणि तेव्हापासून हे हॉटेल कॉमिन्टर्नचेच झाले.

त्या उन्हाळ्यात रशियाच्या व्होल्गा खोऱ्यात भीषण दुष्काळ होता. यादवी युद्ध नुकतेच सरले होते, लोक अन्नान्न करत मरत होते. अशा देशात दूरदूरच्या तरुणांनी खोट्या नावांनी, चोरट्या वाटांनी, कधी बोटीच्या कोठारात लपून यावे, ही त्या काळाच्या आशेची ताकद होती. त्यांच्या राजकारणाशी आपले पटो न पटो, ती आशा खरी होती हे मान्य केल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही. ल्युक्समध्ये राहायला आलेली बहुतेक माणसे स्वतःच्या देशात तुरुंग भोगून आली होती. सुखाच्या शोधात त्यांच्यातला कोणी आलेला नव्हता.

सुख तिथे फारसे नव्हतेही. झारच्या काळातले आरसे आणि मखमली खुर्च्या काही वर्षे टिकल्या, पण खोल्यांत दाटी झाली. तळमजल्यावर बेकरी, त्यामुळे वर उंदरांचा सुळसुळाट. स्वयंपाकघर मजल्यावर सर्वांना मिळून एक. तिथे चिनी, बल्गेरियन, इटालियन आणि जर्मन बायका एकाच चुलीपाशी आपापली पातेली घेऊन उभ्या राहत. गरम पाणी आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच येई. १९२३ मध्ये व्हिएतनामचा एक सडपातळ तरुण मॉस्कोत आला. तेव्हा त्याचे नाव न्ग्वेन आय क्वोक होते, जगाने त्याला पुढे हो ची मिन्ह म्हणून ओळखले. ल्युक्समधल्या लहानशा खोलीत त्याला आणखी चार-पाच जणांबरोबर ठेवले होते. दिवसा गोंगाट, रात्री ढेकूण, झोप अशी नाहीच. त्याने अधिकाऱ्यांना रीतसर तक्रारीचे पत्र लिहिले आणि भाडे देणे थांबवले. कॉमिन्टर्नच्या घरात भाडे अडवून धरण्याची मुभा तेव्हा अजून होती. तेरा-चौदा वर्षांनंतर असे पत्र लिहिण्याची कोणाची छाती झाली नसती.

१९३३ मध्ये हिटलर जर्मनीत सत्तेवर आला आणि ल्युक्सचे रूप पालटले. पूर्वी येणारे पाहुणे अधिवेशन आटोपून परत जात. आता आलेल्यांना परतीचे दार बंद होते. जर्मन कम्युनिस्ट शेकड्यांनी पळून आले. पाठोपाठ ऑस्ट्रियाचे आले. पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया इथले आधीच होते. त्याच वर्षी इमारतीवर आणखी दोन मजले चढवले गेले. सहा मजले, सुमारे ३०० खोल्या. त्वेर्स्कायाला तोवर लेखक मक्सिम गॉर्की यांचे नाव दिले गेले होते. राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, आगीच्या खटल्यात नाझी न्यायालयापुढे ताठ उभे राहिलेले बल्गेरियाचे गिऑर्गी दिमित्रोव्ह १९३४ मध्ये सुटून आले, तेव्हा साऱ्या मॉस्कोने त्यांना डोक्यावर घेतले. इटलीचे तोग्लियात्ती, जर्मनीचे पीक आणि उल्ब्रिख्त, 'वॉल्टर' या नावाने वावरणारे युगोस्लाव्ह कामगार नेते योसिप ब्रोझ, म्हणजेच पुढचे मार्शल टिटो, ही सगळी मंडळी याच जिन्यांवरून ये-जा करत होती.

दारावर पहारा असे. राहणाऱ्या प्रत्येकाला 'प्रोपुस्क' म्हणजे परवाना दाखवूनच आत जाता येई. भेटायला येणाऱ्याने कागद भरायचा, ओळखपत्र पहारेकऱ्याकडे ठेवायचे आणि रात्री ठरलेल्या वेळेच्या आत निघायचे. सुरुवातीला ही व्यवस्था शत्रूच्या हेरांपासून रक्षणासाठी होती. हळूहळू तिचे तोंड आतल्या बाजूला वळले.

डिसेंबर १९३४ मध्ये लेनिनग्राडचे पक्षप्रमुख किरोव्ह यांचा खून झाला आणि स्टालिनच्या शुद्धीकरणाला निमित्त मिळाले. ऑगस्ट १९३६ मध्ये झिनोव्हिएव्ह यांना गोळी घालण्यात आली. कॉमिन्टर्नचे पहिले अध्यक्ष ते हेच. त्यांच्यानंतर संघटनेची धुरा वाहणारे बुखारिन मार्च १९३८ मध्ये त्याच वाटेने गेले. ज्यांच्या सहीने हे परदेशी लोक मॉस्कोला आले, तेच देशद्रोही ठरले. मग त्यांनी बोलावलेल्यांचे काय, हा प्रश्न ल्युक्समधल्या प्रत्येक खोलीत शिरला. प्रत्येकाकडून पुन:पुन्हा आत्मचरित्र लिहून घेतले जाई. कोणाला ओळखतोस, कधी भेटलास, कोणत्या वर्षी कोणत्या ठरावाला हात वर केलास. आधीच्या कागदाशी एखादी तारीख जुळली नाही, तर तेवढे पुरे होई. सभांमध्ये सहकाऱ्याविरुद्ध बोलावे लागे, आणि गप्प राहणाऱ्याच्या नावापुढेही खूण होत असे.

हाइन्झ नॉयमान यांची गोष्ट सांगितली पाहिजे. बर्लिनचा हा तल्लख, रशियन अस्खलित बोलणारा तरुण एके काळी स्टालिनच्या मर्जीतला होता, जर्मन पक्षाच्या अगदी वरच्या वर्तुळातला. पुढे पक्षात मतभेद झाले, तो बाजूला पडला. पत्नी मार्गारेटेसह १९३५ मध्ये तो ल्युक्समध्ये आला. भाषांतराची कामे करून दोघे दिवस काढत होते. ओळखीचे लोक जिन्यात नजर चुकवू लागले होते. २७ एप्रिल १९३७ च्या रात्री त्यांच्या दारावर थाप पडली. गुप्त पोलीस आत आले, पहाटेपर्यंत झडती चालली, पुस्तकांचे आणि कागदांचे ढीग झाले. उजाडताना नॉयमान यांना घेऊन ते गेले. मार्गारेटेने त्यांना पुन्हा कधी पाहिले नाही.

यानंतर तिच्यावर जे गुदरले तेच शेकडो बायकांवर गुदरले. अटक झालेल्याच्या खोलीच्या दाराला लाखेचे सील लागे आणि बायकामुलांना मागच्या अंगणातल्या जुन्या इमारतीत हलवत. समोरच्या प्रशस्त दारातून आत येणारी बाई एका रात्रीत मागच्या अंगणाची होई. मग तुरुंगांच्या फेऱ्या सुरू होत. लुब्यांका, बुतिर्का, लेफोर्तोव्हो. खिडकीपाशी रांगेत तासन्‌तास उभे राहायचे, नवऱ्याचे नाव सांगायचे आणि त्याच्यासाठी थोडे रुबल पुढे करायचे. आतल्या माणसाने पैसे घेतले तर तो त्या तुरुंगात आहे एवढे कळे. परत केले तर दुसऱ्या तुरुंगाची रांग. पुढे कधीतरी सांगण्यात येई की शिक्षा झाली, दहा वर्षे, पत्रव्यवहाराचा हक्क नाही. अशा शिक्षेचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच होता की माणूस आधीच मारला गेला आहे. हाइन्झ नॉयमान यांना २६ नोव्हेंबर १९३७ रोजी गोळी घातली होती.

जून १९३८ मध्ये मार्गारेटेलाही उचलले. पाच वर्षांची सक्तमजुरी, कझाकस्तानातल्या कारागांडाच्या छावणीत. एवढ्यावर संपले असते तर ती लाखो दुर्दैवी कैद्यांतली एक ठरली असती. पण ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिन आणि हिटलर यांच्यात करार झाला. सोव्हिएत वृत्तपत्रांतून नाझींवरची टीका रातोरात नाहीशी झाली. हिटलरशी लढता लढता देशोधडीला लागलेल्या ल्युक्समधल्या लोकांना त्याच्याविरुद्ध शब्द काढता येईना. फेब्रुवारी १९४० मध्ये मार्गारेटेला आणि तिच्यासारख्या आणखी काहींना ब्रेस्ट-लितोव्स्क इथे बूग नदीच्या पुलावर नेण्यात आले आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना पलीकडच्या नाझी अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले. त्या घोळक्यात ज्यूही होते. समाजवादाच्या मातृभूमीने आसऱ्याला आलेल्यांना गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, हवाली केले, याहून मोठा विश्वासघात विसाव्या शतकाच्या राजकारणात शोधावा लागेल.

पुढची पाच वर्षे ती रावेन्सब्रुकच्या नाझी छावणीत होती. तिथल्या कम्युनिस्ट कैदी बायकांना तिने रशियात पाहिलेले सांगितले, तेव्हा त्यांनी तिला वाळीत टाकले. त्यांचा विश्वास बसला नाही, बसू द्यायचा नव्हता. तिला मैत्रीण मिळाली ती प्रागची पत्रकार मिलेना येसेन्स्का, लेखक काफ्काची मिलेना. ती छावणीतच वारली. मार्गारेटे जगली, तिने दोन्ही छावण्यांची हकीकत लिहिली आणि १९४९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात, रशियातून फुटून निघालेल्या क्राव्हचेन्को यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात उभी राहून सोव्हिएत छावण्यांबद्दल साक्ष दिली. बर्लिनची भिंत पडण्याच्या तीन दिवस आधी, ६ नोव्हेंबर १९८९ रोजी, तिचे निधन झाले.

ल्युक्समधल्या माणसांनी पळून का जाऊ नये, असे आज कोणीही विचारेल. पासपोर्ट कॉमिन्टर्नच्या ताब्यात. पलीकडे गेस्टापो. पण तिसरे कारण मला सर्वांत खोल वाटते. शेजारच्या खोलीतला माणूस गेला तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली, काहीतरी केले असेल त्याने. पक्ष चुकत नाही हे मानण्यासाठी त्यांनी आयुष्य पणाला लावले होते. पक्ष चुकला म्हटले तर तुरुंगातली वर्षे, सोडलेले घर, मेलेले सोबती, सगळेच व्यर्थ ठरले असते. म्हणून रात्री जिन्यात बूट वाजले की ते श्वास रोखून ऐकत, आणि सकाळी सामाईक चुलीपाशी हवापाण्याच्या गप्पा मारत. पोलंडच्या पक्षाचे रशियातले जवळजवळ सगळे नेते मारले गेले आणि १९३८ मध्ये तो पक्षच बरखास्त झाला. जर्मन पक्षाच्या सर्वोच्च मंडळातले जितके नेते हिटलरच्या हातून मेले, त्याहून अधिक स्टालिनच्या हातून मेले, हे नंतरच्या अभ्यासकांनी नावानिशी दाखवून दिले आहे.

टिटो वेळेत मॉस्कोबाहेर पडले. त्यांनी मॉस्कोत लग्न केलेली जर्मन पत्नी मात्र मागे राहिली आणि १९३७ मध्ये मारली गेली. अकरा वर्षांनी युगोस्लाव्हियाने स्टालिनशी फारकत घेतली, त्याची राजकीय कारणे सर्वज्ञात आहेत. ल्युक्समधले दिवसही त्या निर्णयात असणार, असे माझे मत आहे.

ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीपाशी आल्या आणि कॉमिन्टर्नची माणसे दूर उफा शहरात हलवली गेली. १९४३ मध्ये स्टालिनने कॉमिन्टर्नच मोडीत काढली. उरलेले लोक ल्युक्समध्ये परतले. ३० एप्रिल १९४५, हिटलरने बर्लिनच्या तळघरात आत्महत्या केली तो दिवस. त्याच दिवशी वाल्टर उल्ब्रिख्त यांच्या नेतृत्वाखाली दहा जर्मन मॉस्कोहून विमानाने जर्मनीकडे निघाले. त्यांत वोल्फगांग लेओनहार्ड हा चोविशीचा तरुण होता. त्याची आई १९३६ पासून छावणीत होती आणि तरीही तो निष्ठेने निघाला होता. चार वर्षांनी तो पूर्व जर्मनीतून पळाला आणि आतली सगळी हकीकत त्याने जगापुढे मांडली. उल्ब्रिख्त मात्र राज्यकर्ते झाले. पीक पूर्व जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले, ल्युक्समध्ये राहिलेले चेक नेते गोटवाल्ड चेकोस्लोव्हाकियाचे. ल्युक्समध्ये तगून राहण्यासाठी अंगी बाणवावा लागलेला संशय आणि गप्प राहण्याची सवय त्यांनी आपापल्या देशात राज्यकारभार म्हणून नेली. पूर्व युरोपच्या चाळीस वर्षांच्या दडपशाहीचे मूळ शोधताना या हॉटेलच्या जिन्यांपर्यंत यावेच लागते.

या हकीकतीत आपलीही माणसे आहेत. १९२१ च्या त्याच उन्हाळ्यात बर्लिनहून भारतीय क्रांतिकारकांची एक तुकडी मॉस्कोत आली होती. तिचे म्होरके वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे बंधू. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये ते सावरकरांच्या वर्तुळात वावरले होते. बरोबर भूपेंद्रनाथ दत्त, म्हणजे स्वामी विवेकानंदांचे बंधू, गुलाम अंबिया खान लुहानी, आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर पक्षाचे हे खानखोजे पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढून आले होते. भारतात क्रांती कशी व्हावी याबद्दल कॉमिन्टर्नमधले भारतीय नेते मानवेंद्रनाथ रॉय यांच्याहून वेगळे मत मांडणारे एक टिपण चट्टोपाध्याय, लुहानी आणि खानखोजे या तिघांनी मिळून लेनिनपुढे ठेवले. लेनिनचे उत्तरही आले. पण कॉमिन्टर्नने कौल रॉय यांच्या बाजूने दिला आणि तुकडी पांगली.

त्या तीन सह्यांचे पुढे काय झाले ते पाहा. खानखोजे मॉस्कोहून निघाले, १९२४ मध्ये मेक्सिकोला गेले. चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केले, चित्रकार दिएगो रिवेरांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. चट्टोपाध्याय हिटलरच्या आधी बर्लिन सोडून रशियात गेले, लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीत मानववंशशास्त्राचे काम करू लागले. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबरला गोळी घालण्यात आली. लुहानींना १९३८ मध्ये. ताश्कंदमध्ये १९२० साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत असलेले अवनी मुखर्जी हेही १९३७ मध्येच मारले गेले. इंग्रज सरकारने ज्यांना वर्षानुवर्षे युरोपभर हुडकले, त्यांना त्यांच्याच आसऱ्याने संपवले. इथे भारतात त्यांच्या आप्तांना खरी तारीख कळायला दशके लागली. सोव्हिएत दप्तरांत नातेवाइकांना मृत्यूच्या खोट्या तारखा आणि खोटी कारणे देण्याचीच पद्धत होती.

१९५४ मध्ये हॉटेलचे नाव बदलून 'त्सेन्त्राल्नाया' झाले आणि तिथे साधे प्रवासी उतरू लागले. या शतकात आतला भाग पाडून, दर्शनी भिंत तेवढी राखून नवे बांधकाम काढण्यात आले. २०१४ पासून रशियात काही नागरिकांनी 'अखेरचा पत्ता' नावाचा उपक्रम चालवला. सोव्हिएत दडपशाहीत मारल्या गेलेल्या माणसाच्या शेवटच्या घराच्या भिंतीवर तळहाताएवढी धातूची पट्टी लावायची. तिच्यावर नाव, जन्म, व्यवसाय, अटकेची आणि मृत्यूची तारीख, आणि फोटोच्या जागी रिकामा चौकोन. दडपशाहीच्या बळींची नावे जतन करणारी 'मेमोरियल' ही संस्था मात्र डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंद केली, आणि कित्येक पट्ट्या आता भिंतींवरून काढल्या जात आहेत.

जिथे हे घडले तिथेच ही नावे पुसली जात असतील, तर आपल्या वाट्याची नावे राखण्याचे काम आपल्यावर येते. महाराष्ट्रात खानखोजेंवर बोलणारे, लिहिणारे, शिकवणारे लोक आहेत. त्यांना माझी विनंती आहे. खानखोजेंचे चरित्र सांगताना १९२१ च्या त्या टिपणाखालच्या बाकी दोन सह्याही सांगा. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि गुलाम अंबिया खान लुहानी यांची नावे, त्यांचा मृत्यू कोणी आणि कोणत्या साली घडवला यासकट, आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत छापा.